हात लहान असेल तर स्पर्धेचं पिस्तूल हाताला बसवतात कसं?

समजा, तेरा-चौदा वर्षांची एक मुलगी पहिल्यांदाच शूटिंग रेंजवर गेली. टीव्हीवर मनू भाकरचं पदक पाहिलं, घरच्यांच्या मागे लागली आणि आईबाबांनी जवळच्या क्लबमध्ये नाव घातलं. क्लबचं एअर पिस्तूल हातात आलं. पहिला महिना भारी गेला. दुसऱ्या महिन्यात मात्र तिच्या टार्गेटवर एक विचित्र गोष्ट दिसायला लागली. छर्रे विखुरलेले नाहीत, सगळे जवळजवळ एकाच ठिकाणी लागतायत, पण ते ठिकाण मध्यावर नाही. डावीकडे आहे. साइट फिरवून दुरुस्त केलं की दोन दिवस बरं चालतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा भलतीकडेच.

मग मागून सूचना सुरू होतात. ट्रिगर झटकतेस. लक्ष कुठंय तुझं? रोज दहा मिनिटं ध्यान करत जा. पोरगी बिचारी ध्यानही करते. फरक पडत नाही. सहा महिन्यांनी तिला वाटायला लागतं की आपल्यात तो दमच नाही.

या सगळ्यात एक साधी गोष्ट कुणी बघितलेली नसते. तिचं बोट ट्रिगरपर्यंत पोचतं, पण जेमतेम. नखाजवळचं टोक कसंबसं टेकतं. बोट पोचावं म्हणून ती अख्खा हात ग्रिपभोवती थोडा फिरवून धरते. म्हणजे तिने पिस्तूल धरलेलंच नाही, ती त्याला लटकून आहे.

हात लहान असलेल्या नेमबाजांच्या बाबतीत हे इतकं सर्रास होतं की आज हाच विषय नीट समजून घेऊ.

क्लबच्या पिस्तुलाचा साइज कुणासाठी असतो?

स्टायर, मोरिनी, वॉल्थर, पार्डिनी, फाइनवेर्कबाऊ ही स्पर्धेच्या पिस्तुलांमधली मोठी नावं. यांच्या ग्रिप चपलेसारख्या साइजमध्ये येतात. स्मॉल, मीडियम, लार्ज, काही कंपन्यांकडे एक्स्ट्रा स्मॉलसुद्धा. उजव्या आणि डाव्या हाताची ग्रिप वेगळी. क्लबला एका पिस्तुलावर पंधरा जणांना शिकवायचं असतं, त्यामुळे तो साहजिकच मधला साइज घेतो. सातवीतल्या मुलीला आणि सहा फुटी पोलीस शिपायाला तीच ग्रिप. बुटाच्या बाबतीत असं कुणी केलं तर आपण हसू.

आणि हा फक्त मुलींचा प्रश्न नाही बरं का. लहान हाताचे पुरुष भरपूर असतात. शिवाय "लहान हात" हाही एकच प्रकार नसतो. कुणाचा तळवा रुंद आणि बोटं आखूड, कुणाचा तळवा अरुंद आणि बोटं लांब. दोघांनाही दुकानदार स्मॉल ग्रिप देईल, पण दोघांची अडचण वेगळी आहे. आखूड बोटांच्या माणसाला ट्रिगर लांब पडतो. अरुंद तळव्याच्या माणसाला ट्रिगर बरोबर मिळतो, पण ग्रिप हातात खुळखुळते.

एक मिलिमीटरचा हिशोब

ग्रिपमुळे एवढा फरक कसा पडेल, असं वाटत असेल तर थोडं गणित करू. घाबरू नका, शाळेतल्या समरूप त्रिकोणांइतकंच आहे.

१० मीटर एअर पिस्तूल या प्रकारात छर्रा ४.५ मिलिमीटरचा असतो आणि दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं. म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. प्रत्येक पुढची रिंग ८ मिलिमीटरने बाहेर सरकते.

आता दोन चुका करून बघू. पहिली चूक, पिस्तूल आणि टार्गेट समांतर राहिले पण अख्खा हात १ मिलिमीटर डावीकडे सरकला. छर्राही १ मिलिमीटरच डावीकडे लागेल. दहाचे दहा. दुसरी चूक, हात जागच्या जागी राहिला पण पिस्तूल किंचित तिरकं झालं, इतकं की पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेच्या मध्यापासून १ मिलिमीटर सरकली. दोन साइटमधलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर धरा. टार्गेट १० मीटरवर. १ मिलिमीटरचे तिथे ३१ मिलिमीटर होतात. दहाचा सरळ सात.

हात हलणं हे नेमबाजीत कुणालाच चुकलेलं नाही. ऑलिम्पिक विजेत्याचाही हात हलतो. ते परवडतं. पिस्तूल हाताच्या आत वळणं परवडत नाही. ट्रिगर ओढताना बोट सरळ मागे आलं नाही, जरा बाजूला रेटलं, तर नेमकं हेच होतं. उजव्या हाताच्या नेमबाजाचं बोट ट्रिगरवर फार कमी टेकलं असेल तर सहसा गोळी डावीकडे जाते, फार जास्त आत गेलं असेल तर उजवीकडे. आपल्या त्या मुलीचे छर्रे डावीकडे का जमत होते, ते आता लक्षात आलं असेल.

बोट कुठे टेकलं पाहिजे?

तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला मांसल भाग, म्हणजे बोटाचा ठसा घेताना आपण कागदावर टेकवतो तो भाग, ट्रिगरवर सपाट बसला पाहिजे. दुसरं पेर नळीला समांतर दिसलं पाहिजे. आणि बोटाची मधली बाजू ग्रिपच्या लाकडाला घासता कामा नये, तिथे बारीकशी फट हवी. बोट लाकडाला टेकून असेल तर ट्रिगर ओढताना ते ग्रिपलाही ढकलतं.

हे जमत नसेल तर लगेच कानस हातात घेऊ नका. आधी स्क्रू ड्रायव्हर, म्हणजे ॲलन की. स्पर्धेच्या पिस्तुलात ट्रिगरची पट्टी एका दांडीवर पुढे-मागे सरकते. बऱ्याच मॉडेलमध्ये ती थोडी तिरकीही करता येते. लहान हातासाठी ती मागे, हाताकडे आणायची. पाच मिनिटांचं काम आहे आणि पुन्हा पूर्ववत करता येतं. मला खात्रीने वाटतं की अर्ध्याअधिक तक्रारी इथेच संपतील, पण क्लबमध्ये पिस्तूल पंधरा हातांतून फिरत असल्याने कुणी त्या स्क्रूला हात लावत नाही.

पट्टी पूर्ण मागे आणूनही बोट पोचलं नाही, तर समजायचं की ग्रिपच मोठी आहे. मग लहान साइजची ग्रिप घ्यायची किंवा असलेली घासायची.

हात ग्रिपमध्ये कसा बसतो ते बघा

अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जी बेचकी असते, ती ग्रिपच्या मागच्या बाजूला अगदी वरपर्यंत, घट्ट बसली पाहिजे. पिस्तुलाची नळी आणि कोपरापासून मनगटापर्यंतचा हात एका रेषेत दिसले पाहिजेत. मोठ्या ग्रिपवर लहान हात नेमका इथे फसतो. बोट पोचवायला हात फिरवला की बेचकी मधून सरकते, नळी आणि हाताची रेष जुळत नाही आणि नेम धरायला मनगट मुरडावं लागतं. मुरडलेलं मनगट एका शॉटला चालतं. स्पर्धेत ६० शॉट असतात आणि वेळ ७५ मिनिटं. चाळिसाव्या शॉटला ते मनगट आपल्या मनाने सरळ व्हायला लागतं.

मग मधलं बोट, अनामिका आणि करंगळी. पकडीचा खरा जोर मधल्या दोघांचा, आणि तो सरळ मागे, तळव्याच्या दिशेने लागला पाहिजे. ग्रिप जाड असेल तर बोटांची टोकं पुढच्या बाजूलाच संपतात, पलीकडे वळत नाहीत. अशी ग्रिप धरून ठेवायला जास्त आवळावं लागतं, आवळलं की हात थरथरतो. उलट ग्रिप फार बारीक झाली तर बोटांची टोकं तळव्यात रुततात आणि दर वेळी पकड वेगळी बसते. लहान हात म्हणून सगळ्यात लहान ग्रिप घेऊन टाकणारेही फसतात ते असे.

पाम शेल्फ नावाची फळी

स्पर्धेच्या पिस्तुलाच्या ग्रिपला खाली एक छोटी फळी असते. तिच्यावर तळव्याची कड टेकते. तिला पाम शेल्फ म्हणतात आणि ती स्क्रूने वर-खाली होते. मोठ्या हातासाठी खाली सोडलेली फळी लहान हाताला उपयोगाची नाही, कारण हात आणि फळीमध्ये बोटभर जागा राहते आणि शॉटगणिक हात खाली घसरतो. पण म्हणून ती आवळून हातात शिकंजाही करायचा नाही. फार वर चढवली की ती बेचकीला ग्रिपच्या वरच्या काठावर दाबते, बोटं सुन्न पडतात आणि पिस्तुलाचं तोंड वर-खाली व्हायला लागतं. हात पूर्ण बसल्यावर फळी नुसती टेकावी. एखादं जाड पुठ्ठ्याचं कार्ड सरकेल इतकी ढील अनेक प्रशिक्षक मुद्दाम ठेवायला सांगतात, कारण सरावानंतर हात थोडा फुगतो. एप्रिलमध्ये नागपूरला बसवलेली ग्रिप डिसेंबरमध्ये सैल का वाटते, त्याचं कारणही हेच.

आता कानस

ग्रिप बहुतेक वेळा अक्रोडाच्या लाकडाची असते. ती घासता येते आणि तिच्यावर भरही घालता येते. भर घालायला आपल्याकडे घरोघरी असलेलं एम-सील किंवा लाकडाची पुटी चालते. जगभरातले नेमबाज अशाच प्रकारची इपॉक्सी पुटी वापरतात, त्यात काही जुगाड नाही.

काही गोष्टी मात्र आधीच. ग्रिप पिस्तुलावरून काढून घ्या, आणि काढण्याआधी पिस्तूल रिकामं आहे हे स्वतः बघा. क्लबची ग्रिप असेल तर विचारल्याशिवाय हात लावू नका. शक्य असेल तर मूळ ग्रिप तशीच ठेवून दुसरी ग्रिप घासायला घ्या. घासलेलं लाकूड परत येत नाही.

कुठे घासायचं ते डोळ्यांनी ठरवू नका. हाताला खडूची भुकटी किंवा लिपस्टिक लावा, ग्रिप एकदाच नीट धरा आणि सोडा. जिथे गडद डाग उमटला तिथे लाकूड टोचतंय. जिथे काहीच उमटलं नाही तिथे पोकळी आहे. टोचणारी जागा पॉलिश पेपरने थोडीशी घासा, पुन्हा डाग घ्या. पुन्हा घासा. हे कंटाळवाणं आहे आणि तसंच असायला हवं. एका संध्याकाळी ग्रिप संपवायला बसलेला माणूस दुसऱ्या दिवशी नवीन ग्रिपच्या किमती बघत असतो.

ट्रिगर लांब पडत असेल तर लाकूड मागच्या बाजूने, बेचकी बसते तिथून काढायचं. त्यामुळे अख्खा हात पुढे, ट्रिगरकडे सरकतो. तर्जनी ग्रिपला घासत असेल तर तिच्या मुळाशी छोटी घळ काढायची. अरुंद तळव्याचा माणूस असेल तर त्याच्या तळव्याच्या पोकळीत भर घालायची. ओलं एम-सील कातडीला त्रास देऊ शकतं, म्हणून हाताला प्लॅस्टिकची पातळ फिल्म गुंडाळून मगच ग्रिप धरायची, आकार उमटला की हात काढायचा आणि ते वाळू द्यायचं. घासताना नाकाला मास्क लावा, अक्रोडाचा भुसा छातीला बरा नसतो.

ज्यांना हा उद्योग नको, त्यांच्यासाठी ग्रिप बनवून देणारे कारागीर आहेत. जर्मनीतली रिंक ही त्यातली नावाजलेली कंपनी. कागदावर हात ठेवून पेन्सिलने काढलेली आकृती पाठवायची, त्यावरून ते ग्रिप बनवतात. आपला टेलर मापाला बोलावतो, तसंच. अर्थात तिथून आलेली ग्रिपही थोडीफार घासावीच लागते.

डोळे मिटून परीक्षा

ग्रिप बसली की नाही, हे सांगणारी एक फुकटची चाचणी आहे. रिकामं पिस्तूल घेऊन रेंजवर, टार्गेटसमोर उभे राहा. डोळे मिटा. पिस्तूल नेहमीसारखं उचला, दोन श्वास घ्या आणि मग डोळे उघडा. पुढची साइट मागच्या साइटच्या खाचेत मध्यावर दिसली, वरच्या कडा समान दिसल्या, तर ग्रिप तुमची आहे.

पुढची साइट दर वेळी एकाच बाजूला दिसत असेल तर मनगट वळवून ती मध्ये आणू नका. मन मोडेल पण मनगट ऐकणार नाही. ग्रिपच फिरवा. आजकालच्या अनेक पिस्तुलांत ग्रिप काही अंश डावी-उजवीकडे आणि पुढे-मागे कलते करता येते. तशी सोय नसेल तर एका बाजूचं लाकूड काढून दुसऱ्या बाजूला भर घालावी लागते. साइट सतत वर किंवा खाली दिसत असेल तर ग्रिपचा कल बदलायचा. एकदा बघून ठरवू नका, वीस-पंचवीस वेळा उचला.

दुसरी चाचणी ड्राय फायरची, म्हणजे छर्रा न घालता ट्रिगर ओढायचा. स्पर्धेच्या एअर पिस्तुलांत त्यासाठी वेगळी सोयच असते. समोर कोरी भिंत ठेवा आणि ट्रिगर सुटतो त्या क्षणी पुढची साइट हलते का, एवढंच बघा. हलली आणि दर वेळी एकाच दिशेला हलली, तर पुन्हा बोट आणि ट्रिगरकडे या.

२५ मीटरला हा प्रश्न दुप्पट का होतो

१० मीटर एअर पिस्तुलात ट्रिगर किमान ५०० ग्रॅम वजनाचा असावा लागतो. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात तो किमान १००० ग्रॅम. टोकाने कसाबसा पोचणारा बोटाचा भाग ५०० ग्रॅम ओढून नेतो, १००० ग्रॅमला तो पिस्तूलच वळवतो.

त्यात वेळ. या प्रकाराच्या रॅपिड फेरीत हात खाली, ४५ अंशांत ठेवून थांबायचं असतं. हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत पिस्तूल उचलून एक गोळी झाडायची. मग सात सेकंद थांबा आणि पुन्हा तेच. तीन सेकंदांत साइट शोधत बसायला, मनगट सरळ करायला वेळ कुठला? पिस्तूल वर येतानाच साइट जुळलेल्या हव्यात. म्हणजे वरची डोळे मिटून केलेली परीक्षा इथे दर गोळीला द्यावी लागते.

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पालेमबांगला सुवर्ण जिंकलं ते याच प्रकारात. अंतिम फेरीत थायलंडच्या नफस्वान यांगपायबूनशी ३४-३४ अशी बरोबरी झाली आणि निकाल शूट-ऑफवर गेला. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. अशा ठिकाणी एकेका गोळीवर पदकाचा रंग ठरतो.

नियमांची पेटी

एवढं वाचून कुणी ग्रिपला हातमोजाच बनवायला निघेल, म्हणून हे सांगणं गरजेचं. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार एअर पिस्तूल ४२० बाय २०० बाय ५० मिलिमीटरच्या पेटीत बसलं पाहिजे, ग्रिपसकट. वजन जास्तीत जास्त १५०० ग्रॅम. ग्रिपचा कुठलाही भाग हाताला वेढा घालता कामा नये आणि मनगट पूर्ण मोकळं दिसलं पाहिजे. पाम शेल्फ किंवा अंगठ्याचा आधार वर वळवून हाताला कवेत घेणारा आकारही चालत नाही. स्पर्धेआधी उपकरण तपासणीला खरोखरच पेटी असते, आणि ट्रिगरला वजन लावून उचलून बघतात. घरी एम-सीलची भर घालताना ती ५० मिलिमीटरची रुंदी डोक्यात ठेवा. स्पर्धेच्या सकाळी तपासणीच्या टेबलाशेजारी बसून कानस मारणारे लोक असतात, त्यांच्यात आपला नंबर नको.

वजनाला वरची मर्यादा आहे, खालची नाही. लहान हातासोबत दंडही बारीक असेल तर नळीखालची जोडवजनं काढून टाका. काही कंपन्यांची आखूड नळीची कॉम्पॅक्ट मॉडेल याच कारणासाठी असतात. पण पिस्तूल फार हलकं केलं तर ते जास्त चंचल होतं, तेव्हा एकेक वजन काढून बघावं.

वाढत्या वयाचे हात

हैदराबादची ईशा सिंग २०१८ मध्ये राष्ट्रीय विजेती झाली तेव्हा १३ वर्षांची होती. या वयात मुलं या खेळात उतरतात, आणि या वयात हात दर काही महिन्यांनी बदलतो. म्हणून लहान मुलांसाठी घासण्यापेक्षा भर घालणं आणि स्क्रू फिरवणं बरं, कारण ते उलटं फिरवता येतं. दर सहा महिन्यांनी कागदावर हाताची आकृती काढून तारीख टाकून ठेवा. बोटं पाऊण सेंटिमीटर वाढली असतील तर ट्रिगर पुढे न्यायची वेळ आली.

क्लबचं पिस्तूल सगळ्यांचं असेल, तर एक छोटी वही करा. ट्रिगरची पट्टी कुठल्या खुणेवर, पाम शेल्फ किती वर, साइट किती क्लिक, हे आपल्या नावापुढे लिहून ठेवायचं. सराव सुरू करण्याआधी पाच मिनिटं लवकर जायचं, प्रशिक्षकांना विचारायचं आणि पिस्तूल आपल्या मापाला आणायचं. जाताना पुढच्यासाठी पूर्ववत करून ठेवायचं.